मुळेकाका आणि त्यांचं 'नाईस'

मुळेकाकांसमोर कुणी 'नाईस' म्हटलं की ते दारातच चपला काढतात. म्हणजे आता बसणार.

आमच्या शेजारचे हे काका विमा कार्यालयातून निवृत्त झाले आणि शब्दकोशांत शिरले. जालना बियाण्यांची बाजारपेठ, त्यामुळे इथं बियाण्यांचं कूळ सांगणारे पुष्कळ. शब्दांचं सांगणारे हे एकटेच. "नाईस? बराबर. पण मूळ बघा ना!" असं म्हणत ते थेट रोमला पोचतात. लॅटिनमध्ये 'नेस्कियस' म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'नीस' झालं, अर्थ मूर्ख. स्पेनमध्ये 'नेसिओ' आजही मूर्खच, वर हट्टी. "इंग्लंडात आला तेव्हाही येडाच होता. मंग लाजाळू झाला, मंग चिकित्सक, अन् शेवटी छान! एवढा सुधारलेला शब्द दुसरा न्हाई."

गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाळाच्या फोटोखाली कुणी 'नाईस' लिहिलं की काका बाळाच्या बापाला फोन करत. लोक नुसता अंगठा टाकायला शिकले.

ताईला बघायला अंबडहून पाहुणे आले, तेव्हा घरात चार मोठी माणसं असावीत म्हणून बाबांनी काकांनाही बोलावलं. मुलगा केदार एमआयडीसीत इंजिनियर. ताईशी थोडं बोलला, पोहे संपवले आणि आईच्या कानाशी म्हणाला, "नाईस आहे."

काकांनी चपला आधीच काढलेल्या होत्या.

"म्हणजे मुलीला अडाणी म्हणालात की हो!"

केदारची आई चमकली. "काय बोलून राह्यले हे? माझ्या पोरानं कुणाला अडाणी म्हटलं?"

"त्याचा दोष बिलकुल न्हाई. फ्रेंचांचा आहे."

बाबांनी डोळे वटारले, पण तोवर काका स्पेनमध्ये पोचले होते. 'मूर्ख' ऐकताच बाई पदर सावरून उठल्या. चहा तसाच राहिला. होकार-नकार काहीच न सांगता गाडी निघून गेली. ताईला मुलगा आवडला होता. ती आत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराला कुलूप. संध्याकाळी अंबडहून फोन आला. बाबांनी घाबरत स्पीकर लावला.

"मुलगी पसंत आहे बरं का," केदारची आई म्हणाली. "केदार तर काल गाडीत हसूनच राह्यला होता. मलाच राग आल्ता. अन् तुमचे ते काका सकाळीच एसटीनं आल्ते. दारातच हात जोडले. म्हणाले, 'माझ्यापायी पोरीचं मोडू नका. बायको गेल्यापास्नं घरात कुणाचा आवाज न्हाई. कुणी एखादा शब्द बोललं, की मी तोच धरून बसतो. तेवढाच वेळ माणूस थांबतं.' मंग काय, जेवल्याशिवाय सोडलं न्हाई त्यांना."

फोन ठेवून बाबा बाहेर आले. काका नुकतेच परतले होते, कुलूप उघडत होते. आमच्याकडे बघायचं टाळत होते.

"मुळेसाहेब," बाबांनी कंपाउंडवरून हाक मारली, "चहा टाकलाय. या."

काका आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. ताईनं बशीत पेढा ठेवला, तेव्हा त्यांनी नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आई हॉल, साड्या, आहेर, काय काय बोलत सुटली. काका कशाचंही मूळ न सांगता ऐकत होते. मग 'तुम्हाला उशीर होत असेल' म्हणून आई थांबली.

काकांनी कप खाली ठेवला.

"न्हाई हो वहिनी. सांगा तुम्ही. मला कसलीच घाई न्हाई."