मसणातले गुणवंतराव

मसणात कुणी भाषणाला उभं राहिलं की गुणवंतराव ओरडत, ‘‘मुर्दा चूप हाये, तुमी कावून बोलून राहिले?’’

अकोल्यात आमच्या गल्लीत कुणी गेलं की सामानाची व्यवस्था माझ्याकडे असे. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या आणि गुणवंतरावांना धरून ठेवायला एक धट्टाकट्टा माणूस. यादी पाठच होती.

ते एका साप्ताहिकात विनोदी लेख लिहीत. वाचणारा हसे, ज्याच्यावर लिहिलं तो वकिलाकडे धावे. आमच्या गल्लीतलं बडं प्रस्थ म्हणजे रायबहादूर. त्यांनी एका अडत्याच्या चितेपुढे तासभर स्वतःचीच समाजसेवा सांगितली. पुढच्या अंकात आलं, ‘मयताने शेवटपर्यंत संयम सोडला नाही.’

रायबहादूर माझ्यावरच तापले. ‘‘त्याले मौतीत आनत नोका जाऊ!’’

‘‘मी कुठे आणतो? ते माझ्याआधी पोचतात.’’

गुणवंतराव मलाही सोडत नसत. ‘‘अण्णा, बांबू वाकडा हाये. जितेपनी त्याले कोनी सरळ चालू देलं नाई, आता तरी सरळ न्या!’’

तापाच्या साथीत एकाच आठवड्यात त्यांची बायको आणि दोन मुली गेल्या. मी स्वतः अंथरुणाला खिळलेला होतो. भीतीने शेजारी दार उघडेनात. त्यांनी तिघींना बैलगाडीतून एकट्याने नेलं. तरी त्यांचा लेख वेळेवर छापून आला : ‘साथ हटली, असे साहेब कळवतात. खरे आहे. माझ्या घरात तिला न्यायला आता कुणी उरले नाही.’

पुढे एकदा इस्पितळातून एक बेवारशी मयत आलं. कापसाच्या जिनात काम करणारा कुणी परका माणूस. आम्ही दोघे आणि दोन हमाल, एवढेच. अग्नी दिला, मी सामान आवरायला लागलो.

‘‘थांबा, अण्णा!’’ गुणवंतराव खेकसले. टोपी काढून ते चितेपुढे उभे राहिले. ‘‘याचं नाव मले ठाऊक नाई. पन याच्या मायनं काहीतरी ठेवलंच असंन ना? तेच नाव घेऊन तिनं याले जेवाले बोलावलं असंन.’’

त्यांचा आवाज रागाने कापत होता. हमाल वरमून उभे राहिले.

‘‘असं मुक्यानं नेऊ नोका कोनाले. म्या नेल्या तशा.’’

हमाल गेले. मी लांब दगडावर बसून राहिलो. चिता ढासळली तरी ते बोलतच होते. जवळ गेलो तेव्हा कळलं, आता ते दुर्गा आणि यमुना या आपल्या मुलींशी बोलत होते.