कॅप्टन बोलतात, फोन लिहितो

"हा काय चावटपणा आहे?" कॅप्टननी प्रुफांचा गठ्ठा प्रकाशकाच्या टेबलावर असा आदळला, की कपातला चहा बशीत आला. "पान बारा. वाचा!"

प्रकाशकाने चष्मा चढवला. "'शत्रू खिंडीच्या तोंडाशी आला होता. मी श्वास रोखला. अहो, चपला बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसलीय. मी बंदूक उचलली. उचलताय तर ती बादलीपण उचला.'"

शेजारच्या खुर्चीत कॅप्टनची बायको तोंडावर हात धरून खिडकीबाहेर बघू लागली.

झालं होतं ते असं. लढाईत उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून कॅप्टनना पेन फार वेळ धरवत नसे. निवृत्तीनंतर युद्धाच्या आठवणी लिहायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा लेकीने फोनमध्ये सोय करून दिली. आपण बोलायचं, फोन लिहितो. मग कॅप्टन घरभर येरझारा घालत गरजत राहिले. फोन इमानी निघाला. घरात जो जो आवाज उठला, तो त्याने उतरवून घेतला. "बाबा, पाठवण्याआधी एकदा वाचून तरी बघा," लेक म्हणाली. "मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेत नाही!" असं खेकसून कॅप्टननी बटण दाबलं होतं.

"साहेब, आम्हाला वाटलं तुम्ही हे मुद्दाम लिहिलंय," प्रकाशक म्हणाला. "म्हणून तर एक प्रकरण रविवारच्या पुरवणीला दिलं."

"तेच सांगतोय! सकाळपासून फोन थांबत नाहीये. माझे जुने कर्नल, वय वर्षं नव्वद, विचारतात, बादली उचललीस का?"

"मुखपृष्ठसुद्धा छापून झालंय." प्रकाशकाने भीतभीत ते पुढे सरकवलं. त्यावरच्या चित्रात बंदुकीला टेकून दोन चपला ठेवल्या होत्या.

"मी छातीवर तोफगोळे झेललेत! त्याची ही थट्टा?"

"छातीवर नाही, बोटांवर," बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस! मध्ये बोललीस म्हणूनच हे झालंय!" कॅप्टननी टेबलावरचा लाल पेन हिसकावला. "हिचं प्रत्येक वाक्य उडवतो. आत्ता, इथंच."

आणि ते उडवत सुटले. दूध उतू गेलं, ते उडवलं. औषध घेतलं का, ते उडवलं. तिने शेजारणीला सांगितलेली त्यांच्या घोरण्याची हकीकत तर त्यांनी कागद फाटेपर्यंत खोडली. प्रकाशक कण्हत होता. मग एका पानावर पेन थांबला.

'माझा सोबती तिथंच कोसळला. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तो म्हणाला... तो म्हणाला... असू दे. बसा इथं. पाणी आणते. नाही सांगितलंत तरी चालेल. मी आहे इथंच.'

तो सोबती काय म्हणाला होता, हे कॅप्टननी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हेपण काढा," बायको हळूच म्हणाली. "लोकांना कशाला?"

"गप्प बस!" कॅप्टन कडाडले आणि प्रकाशकाकडे वळले. "हिचं एक अक्षर काढायचं नाही! काढलंत तर गाठ माझ्याशी आहे!"

"पण साहेब, काढत तर तुम्हीच..."

"उलट उत्तर नको! खोडलेलं सगळं परत घाला!"

बायकोने सावकाश खुर्ची पुढे ओढली. "पुस्तक दोघांचं असेल, तर मलाही नीट बघू द्या की." तिने त्यांच्या हातातून पेन काढून घेतला आणि पानं उलटली. "ही टेकडी तुम्ही तिसऱ्या प्रकरणात जिंकलीत. सहाव्यात परत कशाला जिंकताय?"

"ती दुसरी टेकडी होती."

"झाडं तर तीच आहेत." सरळ रेघ मारली गेली. "आणि हे भाषण? गोळ्या चालू असताना अडीच पानं कोण ऐकत होतं?"

कॅप्टन लालबुंद झाले. त्यांनी प्रकाशकाकडे कुमक मागितल्यासारखं बघितलं. प्रकाशक मन लावून टेबलावरचा चहा पुसत होता.

"बरं," कॅप्टन शेवटी गुरगुरले, "पण बाविसाव्या पानाला हात लावू नकोस. तिथं मी आधीच जखमी आहे."