एकच फाईल

"जगातल्या सगळ्या गोंधळांचं मूळ एकच: अनेकपणा!" डंकन लिडलने जाहीर केलं आणि जसिंटाच्या कपातली कॉफी पिऊन टाकली.

टास्मानियातल्या त्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या वरच्या मजल्यावर बसून ही दोघं बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीची तिकीटयंत्रणा सांभाळत. खरी यंत्रणा सिडनीतल्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या गटावर, आणि तिची सरावापुरती प्रत दोघांच्या लॅपटॉपमध्ये. हुकूम कुठल्या क्लस्टरला पोचवायचा, ते एका लहानशा फायलीत लिहिलेलं असे. अशा ढीगभर फायली डंकनने ईस्टरच्या आदल्या सकाळी एकीत ओतल्या.

"आता चुकणंच अशक्य."

"तू असं म्हणालास की काहीतरी बिघडतंच," जसिंटा म्हणाली.

मग त्याने लॅपटॉपमधला सरावाचा क्लस्टर पुसायला घेतला. पण या फायलीला एक खोड असते. शेवटी निवडलेला क्लस्टर ती विसरत नाही, माणूस विसरतो. डंकनची शेवटची निवड सिडनी होती. सरावाची प्रत पुसायला इतका वेळ लागत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर सिडनीत पुसायला काही उरलं नव्हतं.

खाली गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती. आपण नेमके कुठे उभे आहोत, हे न बघता माणूस किती ठामपणे बोलतो, असा विचार करत डंकन जिना उतरला. नोकरी गेलीच होती. निदान कबुली तरी द्यावी.

"शोना, माझ्या हातून..."

"नंतर सांग रे बाबा!" खिडकीतली शोना ओरडली. "ओ कॅराव्हॅनवाले, पुढे सरका की!"

तिकिटं खटाखट निघत होती.

"हे चालतंय कसं?"

"का? चालू नये?"

तो वर आला, तेव्हा जसिंटाचा चेहरा पांढरा पडला होता.

"खिडकीचं यंत्र मी चाचणीसाठी माझ्या लॅपटॉपला जोडलं होतं. फेब्रुवारीत."

"आणि परत सिडनीला?"

"तूच म्हणालास ना, सगळं झकास चाललंय, कुणी हात लावू नका!"

"म्हणजे ईस्टरची अख्खी बोट..."

"माझ्या टेबलावर आहे."

दोन महिने डंकन सिडनीतल्या रिकाम्या घराला रोज इमानाने कुलूप लावत होता. दोघं त्या स्टिकर चिकटवलेल्या लॅपटॉपकडे आदराने बघत राहिले. त्याच्या कोपऱ्यात एक लाल खूण लुकलुकू लागली.

"डंकन," जसिंटा हळूच म्हणाली, "तुझा चार्जर देतोस जरा? माझा घरी राहिलाय."