टॉकीजवरून डावीकडे

स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ मास्तरांनी पान्याने जरा घट्ट करायला घेतला आणि तो मुळासकट त्यांच्या हातात आला. मुख्य कॉक गंजून बसलेला. बायकोने भोकावर टॉवेल दाबून धरला.

"आता तरी प्लंबरला बोलवा!"

प्लंबर शहरात नवा होता. पण मास्तरांनी उभा जन्म याच शहरात बसची कंडक्टरकी केलेली. पत्ता सांगणे हा त्यांच्या डाव्या हाताचा मळ. त्यांनी फोन लावला.

"टॉकीजवरून डावीकडे वळ."

"टॉकीज दिसत नाही, काका."

"दिसेल कशी? पाडली ना."

"मग वळू कुठे?"

"अरे, होती तिथेच! पुढे वखार लागेल."

"ती आहे?"

"ती तर टॉकीजच्या आधी पाडली."

"अहो, लोकेशन पाठवा त्याला!" बायको ओरडली. पाणी तिच्या घोट्यांपर्यंत आले होते.

"माझ्या शहराचा रस्ता आता फोन सांगणार?" मास्तरांनी तरंगायला लागलेल्या चपला पकडल्या आणि ते प्लंबरला आणायला स्वतःच निघाले.

टॉकीजच्या जागी एकसारखे तीन टॉवर होते. मधल्या रस्त्यावर नवा पूल. रस्ता ओलांडायला मास्तर भुयारी मार्गात शिरले आणि बाहेर पडले ते भलतीकडेच. रिक्षावाल्याला त्यांनी "वखारीमागे" म्हणून सांगितले. त्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले आणि रिक्षा पुढे काढली. घरात बायको एकटी, आणि पाणी काही थांबणारे नव्हते.

शेवटी लाज गिळून त्यांनी घरी फोन केला. उचलला एका पुरुषाने.

"कोण बोलतंय?" मास्तर दचकले.

"प्लंबर. काकूंनी लोकेशन पाठवलं. तुम्ही कुठे आहात?"

"तेच विचारायचं होतं."

"घाबरू नका, काका. समोर काय दिसतंय? आत्ता आहे तेवढंच सांगा हं."

मास्तरांनी निमूटपणे दुकानांच्या पाट्या वाचून दाखवल्या. एकेक वळण सांगत प्लंबरने त्यांना दारापर्यंत आणले.

दारही त्यानेच उघडले. आतली फरशी पुसून झाली होती आणि बायको चहा गाळत होती.

"या, या," प्लंबर अदबीने म्हणाला. "सापडलं ना घर? बसा. पाणी देऊ?"

मास्तर खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले.

"हो," ते म्हणाले. "थोडंच द्या."