फाईल वर हाय

शेजारच्या कॅप्टनसाहेबांना काहीही विचारा, उत्तर एकच. "नळाला पाणी कधी?" "फाईल वर हाय." "मुखेडची एसटी का आली न्हाई?" "फाईल वर हाय." एकदा पाऊस लांबला तेव्हा आभाळाकडे बोट दाखवून हेच म्हणाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वयंपाक स्वतःच करतात, अख्ख्या तुकडीला पुरेल एवढा, आणि उरलेलं आमच्याकडे पाठवतात.

शिपाई म्हणून भरती झाले, सुभेदार झाले, निवृत्त होताना कॅप्टनचा मान मिळाला. पण पुढाऱ्यांवर भारी राग. टीव्हीवर कुणी मंत्री जवानांचं कौतुक करू लागला की हे आवाज बंद करून त्यालाच विचारतात, "बर्फात कधी ऱ्हायलात का साहेब? पायात काय होतं?" मंत्री नुसता हात हलवत राहतो.

"बघा मास्तर. जवाब न्हाई."

या रागाचं कारण मला फार उशिरा कळलं. सीमेवरच्या एका ठाण्यावर त्यांनी आपल्या तुकडीसाठी बर्फातले बूट मागितले होते. मागणी वर गेली, ती वरच राहिली. पाहणीला आलेल्या एका पुढाऱ्यानं जवानांबरोबर फोटो काढले, "लगेच पाठवतो" म्हणाला आणि हेलिकॉप्टरात बसला. बूट आले नाहीत. त्याच थंडीत आपल्याच तालुक्यातला गोविंद गस्तीवर गेला, पाय गोठून वाटेत बसला, तो उठलाच नाही.

"गस्तीवर धाडणारा मीच," एवढं बोलून कॅप्टन आत गेले.

बसस्टँडजवळच्या चौकाला गोविंदाचं नाव द्यावं म्हणून ते वर्षानुवर्षं कचेरीत खेटे घालत होते. यंदा निवडणूक जवळ आली आणि मंजुरीही आली. पाटीचं उद्घाटन करायला मोठे पुढारी येणार होते. कॅप्टन सगळी पदकं लावून सकाळीच हजर. गोविंदाची आई, रुक्मिणमाय, पुढच्या खुर्चीत उन्हात बसली. मंडप फक्त स्टेजवर होता.

पुढारी आले तेव्हा दुपार कलली होती. भाषणात ते हुतात्म्याला गोपाळ म्हणाले, आणि शेवटपर्यंत गोपाळच म्हणत राहिले. कॅप्टन ताडकन उठले. आता हे माईक हिसकावणार म्हणून मी खुर्ची घट्ट धरली.

तेवढ्यात रुक्मिणमायनं त्यांची बाही ओढली. तिला आता नीट ऐकू येत नाही.

"काय म्हणून राहिले रे साहेब?"

कॅप्टन तिच्या कानाशी वाकले. "म्हणून राहिले, गोविंदासारखं पोरगं पुन्हा व्हायचं न्हाई."

"लई भला माणूस हाय," म्हातारी म्हणाली आणि तिनं स्टेजकडे हात जोडले.

"हाव, माय."

ते खाली बसले नाहीत. भाषण संपेपर्यंत, तिच्यावर सावली पडेल असे, स्टेजकडे पाठ करून उभे राहिले.