मी न वाचलेलं माझं पुस्तक

गणिताचं पुस्तक लिहिणं म्हणजे माझ्या हातचा मळ आहे, असं मी भरल्या बैठकीत म्हणालो होतो. साक्षीदार बरेच आहेत, त्यामुळे नाकारायची सोय नाही.

त्याचं असं झालं. मला शिकवायला लागून बावीस वर्षं झाली, आणि बावीस वर्षं आमच्या वर्गांना तेच एक पुस्तक लागलेलं. विटेएवढं जाड, आणि वाचायलाही विटेसारखंच! ग्रंथालयात त्याच्या बारा प्रती ओळीने उभ्या असायच्या. त्या कपाटासमोरून जाताना मला दर वेळी वाटायचं, इथे आपलं नाव पाहिजे. खोटं कशाला बोलू, या एका गोष्टीसाठी मी वाट्टेल ते केलं असतं. फक्त लिहायचा कंटाळा होता.

एक दिवस विभागप्रमुख बाई बैठकीत म्हणाल्या, "अभ्यास मंडळ जुनं पुस्तक बदलायचं म्हणतंय. कोणी लिहितंय का नवीन?"

"मी!" मी उभाच राहिलो. "दोन महिन्यांत देतो!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन महिन्यांत?"

"बाई, माझ्या हातचा मळ आहे! पुस्तक तयारच आहे. फक्त कागदावर यायचंय!"

आणि ते कागदावरही होतं बरं का! माझ्या पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. मी बोलतो ते सगळं उतरवून घेते, म्हणून वर्गाने तिचं नाव झेरॉक्स ठेवलंय. पहिल्याच दिवशी मी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "माझ्या तोंडून निघालेला एकही शब्द सुटता कामा नये!" बाकीच्या साठ जणांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. झेरॉक्सने मनावर घेतलं.

मी तिच्याकडून वर्षभराच्या सहा वह्या मागून घेतल्या. "सर, आधी मी त्या जरा नीट करून देऊ का?" ती बिचारी म्हणत होती. "काही गरज नाही!" मी वह्या जवळजवळ हिसकावल्याच आणि थेट छापखान्यात नेऊन टाकल्या. "जसंच्या तसं छापा. काना-मात्रा इकडची तिकडे नको!"

छापखानेवाले सरळ माणूस. त्यांनी जसंच्या तसं छापलं.

तुम्ही म्हणाल, प्रुफं तपासली नाहीत का? तपासली! चांगले आठ दिवस तपासली! पण आम्हा गणितवाल्यांची वाचायची एक रीत असते. आम्ही सूत्रं वाचतो. एका सूत्रावरून दुसऱ्या सूत्रावर उडी मारतो, मधल्या शब्दांकडे ढुंकूनही बघत नाही. "समजा", "म्हणून", "यावरून", दुसरं असणार काय तिथे? शिवाय ते शब्द माझेच होते. स्वतःचं बोलणं कोण तपासत बसतो! काही पानांच्या तळाशी बारीक टाइपात टिपा होत्या, त्यातली सूत्रं मात्र इतकी देखणी होती की मी स्वतःवरच खूश झालो. हे कधी बरं सांगितलं आपण, असा विचार मनात आला, पण म्हटलं, बोलण्याच्या भरात माणूस सुंदर बोलून जातो.

शनिवारी सकाळी माझी प्रत घरी आली. मी ती बायकोच्या हातात दिली आणि पेपर उघडून कौतुकाची वाट बघत बसलो.

आता माझ्या बायकोचं आणि गणिताचं लग्नाआधीपासून वाकडं. तिने काय करावं? तिने पानापानावरची सूत्रं गाळली आणि उरलेलं सगळं वाचलं!

अर्ध्या तासाने आतून आवाज आला. "अहो! अचल राशी म्हणजे काय?"

मी हुरळलो. बावीस वर्षांत तिने पहिल्यांदाच गणितातलं काही विचारलं होतं! "जिची किंमत कधीच बदलत नाही ती, अगं!"

"आणि 'उदाहरणार्थ, माझा मेहुणा. एकदा सोफ्यावर ठेवला की चार दिवस हलत नाही,' हे कोण म्हणालं?"

माझ्या हातातला पेपर गळून पडला.

"पुढे कंसात 'हशा' असं छापलंय. त्याच्या पुढे आहे, 'सरही हसले.'" ती आता दारात उभी होती. "आणि हे पान अठ्ठावन्न. 'काही श्रेणींची बेरीज कुठेच थांबत नाही. मी उशिरा घरी गेलो की माझ्या बायकोचं बोलणं तसंच.' पुन्हा हशा!"

"अगं, मुलांना समजावं म्हणून..."

"साठ मुलांसमोर? रोज? मला वाटायचं तुम्ही तिथे गणित शिकवता!" तिचे डोळे भरून आले. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली. त्या क्षणापासून तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. एक शब्द नाही! बेरीज थांबली, आणि घर असं भकास वाटायला लागलं की ती तासभर ओरडली असती तरी मी हात जोडून ऐकलं असतं.

मग मी माझं पुस्तक पहिल्यांदा वाचलं.

पान बाराला: "मागच्या बाकावरचे, बाहेर काढू का?" पान तेवीसला: "थांबा, चुकलं. पुसा. नाही, बरोबर होतं. पुन्हा लिहा." पान सत्तरला एका मोठ्या प्रमेयाची सिद्धता होती: "हे उघड आहे. (एका मुलाने विचारलं, कसं? सर पाच मिनिटं फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तास संपला.)"

आणि पान एक्केचाळीस! सीमा या संकल्पनेची व्याख्या. "सीमेच्या जवळ जवळ जात राहायचं, पण पोचायचं नाही. उदाहरणार्थ, आपल्या विभागप्रमुख बाईंची निवृत्ती. दर वर्षी पुढच्या वर्षी असते. (प्रचंड हशा.)"

पायात चपला सरकवून मी छापखान्याकडे धावलो. खाली त्यांचंच दुकान होतं. "थांबवा! एकही प्रत विकू नका!"

"सर, कुठल्या प्रती? सगळ्या संपल्या!" छापखानेवाले आनंदाने उजळले होते. "गणिताचं पुस्तक उभ्या उभ्या हसत वाचणारी पोरं मी जन्मात पाहिली नव्हती! दुसरी आवृत्ती कधी काढायची?"

"आणि अभ्यास मंडळाच्या प्रती?"

"त्या सगळ्यात आधी पोचवल्या. बाईंच्या घरी, त्यांच्या हातात!"

सोमवारी झेरॉक्स व्हरांड्यात भेटली. "अगं, हे काय लिहून ठेवलंस!" मी कडाडलो.

ती घाबरून म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणाला होतात, एकही शब्द सुटता कामा नये."

मी घाईने पुढे निघालो. कारण बाईंनी अकरा वाजता बोलावलं होतं.

जाताना एकच आशा होती. बाई हाडाच्या गणिती. त्याही सूत्रंच वाचणार! पण खोलीत शिरलो तर टेबलावर माझं पुस्तक, त्यात पंधरा-वीस कागदाच्या खुणा, आणि बाईंचा चेहरा फळ्यासारखा कोरा.

"पुस्तकाबद्दल बोलायचं होतं," बाई म्हणाल्या.

माझा धीर सुटला. "बाई, माफ करा! ते एक्केचाळीस पानावरचं मी सहज बोललो होतो! मनात तसं काही नव्हतं! तुम्ही आणखी दहा वर्षं राहा!"

"एक्केचाळीस पानावर काय आहे?"

"तुम्ही... वाचलं नाहीत?"

"छे. मजकूर कोण वाचतं? मी सूत्रं वाचली."

आणि त्यांनी पान एक्केचाळीस उघडलं! मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढून पुसला.

"सीमेची व्याख्या बरोबर आहे तुमची," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण पुस्तकभर जी बरोबर आहे, ती तेवढीच."

"म्हणजे?"

"सतरा सिद्धता चुकल्यात. या खुणा त्यांच्या आहेत. पण तळटीपा मात्र मी पूर्ण वाचल्या. फार सुरेख! प्रत्येक चूक तिथे दुरुस्त केलीये. कोणाच्या आहेत त्या?"

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला ग्रंथालयातलं ते कपाट दिसलं. बारा प्रती. माझं नाव. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याच, बाई."

"असं?" बाईंनी एक खूण उघडली. "मग सत्त्याऐंशी पानावरची टीप वाचते. 'सरांची दुसरी पायरी चुकली आहे. तासात सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून घरी जाऊन सोडवलं.' तुम्ही स्वतःला सर म्हणता का?"

मी खुर्चीत अंग चोरून बसलो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. "पहिल्या बाकावरची एक मुलगी आहे," मी खाली मान घालून म्हणालो. "टिपा तिच्या आहेत. सगळ्या."

"बोलवा तिला. मंडळ हे पुस्तक लावणार आहे."

"लावणार?" मी उडालोच. "बाई! मग मी काय करायचं, सांगा! वाट्टेल ते करतो!"

"तळटीपा वर घ्या."

"घेतल्या! आणि वरचं खाली?"

"वरचं काढा," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षीपासून सकाळी सातचा तास तुमचा. माझ्या निवृत्तीपर्यंत."

तीन महिन्यांनी पुस्तक आलं. पाण्यासारखं स्वच्छ, सुटसुटीत, एकही शब्द जास्त नाही. मुखपृष्ठावर झेरॉक्सचं खरं नाव. ग्रंथालयात बारा प्रती ओळीने लागल्या. त्यांच्यासमोरून जाताना थोडं दुखतं, नाही असं नाही. पण पुस्तक खरंच चांगलं आहे, आणि हे मी या खेपेला शब्दन् शब्द वाचून सांगतोय.

एक प्रत मी घरी आणली आणि न बोलता बायकोपुढे ठेवली. तोवर आमचा संसार "हं" आणि "नाही" एवढ्या दोनच शब्दांवर चालला होता. तिने पान उलटलं. सूत्रं बरीच होती, मजकूर थोडाच, त्यामुळे ती पटकन शेवटच्या पानावर पोचली, जिथे लेखक आभार मानतात. ती थबकली. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने मला एक अख्खं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

"'ज्यांच्या प्रत्येक तासानंतर मला सगळं स्वतःच शोधून काढावं लागलं, त्या आदरणीय सरांची मी आयुष्यभर ऋणी आहे.'"

आणि ती हसायला लागली! पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिने आधी भावाला फोन लावला, मग बहिणीला, आणि दोघांना ते वाक्य वाचून दाखवलं.

मी बाजूला बसून होतो. फोन ठेवल्यावर म्हटलं, "आदरणीय लिहिलंय तिने. ते वाचलंस ना नीट?"