सुंदररावांचं सांत्वन

मुंबईत नवं सरकार आलं, महामंडळांचे जुने अध्यक्ष घरी गेले, खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि तेव्हापासून सुंदररावांना जेवण गोड लागेना. महामंडळ मेंढ्यांचं असो की माशांचं, त्यांची तक्रार नव्हती. गाडीवर लाल दिवा हवा होता. सगळी हयात दुसऱ्यांच्या सभेच्या सतरंज्या उचलण्यात गेली होती, आणि यापुढं संधी येईल असं वय राहिलं नव्हतं.

नवे अध्यक्ष नेमणाऱ्या मंत्र्यांचा दौरा लागला. मंत्री कुणाच्या घरी चहाला जात नसत; मयत झालेल्या घरी तेवढे सांत्वनाला जात. पलीकडच्या गावचा बंकटही अध्यक्षपदासाठी टपलेला. त्याचा चुलता नेमका गेल्या आठवड्यात वारला होता.

"चुलता बी येळेवर मेला बघ त्याचा," सुंदरराव बायकोला म्हणाले आणि आपल्या आईकडं बघत राहिले.

छबुबाई बाजेवर पडून होती. बीडच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं होतं. तोंडात गंगाजल घालून झालं होतं. म्हातारी उद्याचा दिवस बघत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून सुंदररावांनी चकलांब्याला जाऊन मंत्र्यांच्या पीएला फोन लावला आणि आई गेल्याचं कळवलं. पोहोचेपर्यंत खरं होणारच होतं. उद्याच्या दौऱ्यात नाव बसलं.

सकाळी छबुबाई उठून बसली आणि तिनं भाकर मागितली.

"माय, तू जाणार व्हतीस ना?"

"जाईन की. आदी खाऊ तर दे."

फोन करावा तर गाड्या निघालेल्या. सुंदररावांनी सरपंचाला, उत्तरेश्वरला, पाराजवळ गाठून खरं ते सांगितलं. सरपंचानं तंबाखू मळून दाढेला धरली.

"दिवा गावात आला तर डांबरी सडक बी येईल," तो म्हणाला. "बायांना रडायला बसवतो. म्हातारीला तेवढं गप ठिवा."

म्हातारीनंही नाही म्हटलं नाही. "जित्तेपणी मला कुनी इचारलं न्हाई. मेल्यावर मंत्री येतोय तर येऊ दे," म्हणत ती भाकर घेऊन कोठीच्या खोलीत जाऊन बसली.

तेवढ्यात म्हाळू न्हावी वस्तरा घेऊन हजर.

"माय गेली अन् मिशा तशाच? मंत्री काय आंधळा हाय का, अप्पा?"

मिशी ही सुंदररावांची अर्धी पुढारकी होती. ती गेली, डोकं गेलं, आणि डोळ्यांतून खरंखुरं पाणी आलं.

मंत्री आले. त्यांच्याच गाडीतून बंकट उतरला. बायांनी गळा काढला. बंकट पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि मिशी पुसत बाहेर आला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. तो श्रद्धांजलीला उभा राहिला.

"छबुमावशी गेल्या असं वाटतच न्हाई," तो म्हणाला. "आत्ता आत बसून भाकर खात असतील असं वाटतं."

सुंदररावांच्या बोडक्या डोक्यावर घाम फुटला.

"अन् सुंदरअप्पांसारखा लेक न्हाई. मायसाठी वरीसभर दुखवटा पाळणार, हार घेणार न्हाईत, पद घेणार न्हाईत. मला कालच म्हनले. व्हय ना, अप्पा?"

सुंदररावांनी कोठीच्या दाराकडं बघितलं. मग मान हलवली.

मंत्र्यांना गहिवरून आलं, आणि एक नाव आपोआप कमी झाल्यानं हायसंही वाटलं. "मग बंकटराव, तुम्हीच सांभाळा. चुलत्याचं सुतक काय, तेराव्याला संपतं."

धुरळा बसल्यावर म्हातारी बाहेर आली. "बंकट लई चांगलं बोलला रे माज्याबद्दल. तू तर एक शबुद बोलला न्हाईस."

म्हातारी दिवाळी बघून पौषात खरीच गेली. सुंदररावांनी मुंबईला फोन केला. "त्या सांत्वनभेटीची नोंद आधीच झालेली आहे," पीए म्हणाला.

अंत्ययात्रेला माणसं बेताचीच आली. नुकतीच वाढलेली मिशी म्हाळूनं पुन्हा काढली. तिरडी बांधून होत आली तेव्हा धुरळा उडाला आणि सुंदररावांच्या दारात लाल दिव्याची गाडी उभी राहिली. बंकट उतरला. त्यानं सुंदररावांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग आधी आत जाऊन म्हातारीकडं वाकून बघितलं, आणि नंतर टोपी काढली.